हॉलमध्ये रोज कोण झोपतं? सोफा-कम-बेडचे चार प्रकार आणि पेटीचा दिवाण

निकाल आधीच सांगून टाकतो. हॉलमध्ये रोज रात्री कोणी ना कोणी झोपत असेल, तर सोफा-कम-बेडच्या भानगडीत पडू नका, पेटीचा दिवाण, म्हणजे झाकणाखाली सामान ठेवता येणारा दिवाण, करून घ्या. पाहुणे वर्षातून चार-सहा वेळा येणार असतील आणि बाकीचे दिवस हॉल फक्त बसण्यासाठीच लागत असेल, तर सोफा-कम-बेड चालेल. पण बाजारात दिसणाऱ्या चार प्रकारांपैकी दोनांवरच पैसे घालण्यात अर्थ आहे.

आपल्याकडच्या वन बीएचके, टू बीएचके घरांत हॉल म्हणजे सकाळी बैठक, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री आजोबांची किंवा कॉलेजातल्या मुलाची खोली. दुकानात मात्र आपण तो फक्त बैठक म्हणून डोळ्यांसमोर आणतो आणि रंग बघत बसतो. रंग शेवटी. आधी टेप घ्या.

हॉलची रुंदी १० फूट धरू, म्हणजे १२० इंच. समोरच्या भिंतीला टीव्ही युनिट, त्याची खोली १६ इंच. बाहेर ओढायचा सोफा-कम-बेड उघडला की भिंतीपासून ६० ते ७२ इंच पुढे येतो. उरले ३२ ते ४४ इंच. रात्री उठून बाथरूमला जाणाऱ्याला ३० इंच वाट लागते, तेवढी मिळते. पण मधला टीपॉय? तो रोज रात्री कुठे सरकवणार, हे ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका. सोफा-कम-बेड नापास होतो तो बहुतेक वेळा बिजागरीमुळे नाही, टीपॉयमुळे. शिवाय चादर काढा, उश्या ठेवा, सोफ्यावरच्या लहान उश्या कुठेतरी रचा, हा उद्योग दिवसातून दोनदा. महिन्या-दोन महिन्यांत तो एक तर कायमचा उघडा पडून राहतो, नाही तर कायमचा मिटलेला, आणि झोपणारा बापडा खाली गादी टाकतो. घेण्यापूर्वी जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून उघडलेल्या पलंगाचा आकार मांडा आणि दोन दिवस तसंच वावरून पाहा.

आता प्रकार.

पहिला, पाठ आडवी पडणारा. दुकानदार याला ‘क्लिक-क्लॅक’ म्हणतात. पाठीच्या दोन्ही टोकांना दातेरी बिजागऱ्या असतात. पाठ पुढे ओढली की टक् असा आवाज येतो आणि मागे सोडली की ती सपाट होते. उघडल्यावर साधारण ६ फूट बाय साडेतीन ते ४ फूट जागा मिळते. पुढे फारसा येत नाही, त्यामुळे अरुंद हॉलला बरा. मात्र पाठ मागे पडायला भिंतीपासून ६ ते ८ इंच अंतर लागतं, म्हणजे एक तर तेवढी जागा कायम वाया घालवा, नाही तर दर वेळी सोफा पुढे ओढा. बैठक आणि पाठ यांमधली खाच लांबीच्या दिशेने बरोबर मधोमध येते. एकटा माणूस एका बाजूला झोपेल, दोघांना ती खाच रात्रभर टोचेल. बिघाड ठरलेला आहे: एकाच टोकाला धरून पाठ ओढली की एक बिजागरी दुसरीच्या एक दाता पुढे जाते, सांगाडा पिळवटतो आणि स्क्रू लाकडातून उपटून येतात. म्हणून पाठ नेहमी मधे धरून उचलायची. घेताना सोफा उलटा करून खाली बघा. बिजागरी लोखंडी चौकटीला आरपार बोल्ट आणि नटने बसवलेली असेल तर घ्या. पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीत, नुसते स्क्रू मारलेले असतील तर पुढच्या दुकानात चला. पाहुण्यांपुरता हा प्रकार ठीक आहे.

दुसरा, बाहेर ओढायचा लाकडी पट्ट्यांचा. बैठकीच्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. पुढची चौकट चाकांवर ओढली की पट्ट्या पसरतात आणि पाठीची गादी खाली येऊन पलंग पूर्ण होतो. चारांत हाच सगळ्यांत टिकाऊ, कारण यात मोडण्यासारखं यंत्र जवळपास नाहीच. शीशमच्या नावाने विकला जाणारा बराचसा माल राजस्थानातून, विशेषतः जोधपूरकडून येतो. कोरड्या हवेत बनलेलं हे लाकूड कोकण, मुंबई, गोव्याच्या पावसाळ्यात ओल धरून फुगतं. पट्ट्यांमधली फट आधीच एखादा मिलिमीटर असेल तर जुलैत पलंग ओढताच येत नाही, आणि जोर लावला की पुढच्या चौकटीचा सांधा सुटतो. दुकानातच बघा: प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये ३ ते ४ मिमी मोकळी जागा हवी. पट्ट्यांच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही पॉलिश हवं. बहुतेक ठिकाणी ते फक्त वर दिसेल तेवढंच असतं. बाकी अडचण गादीची. ती दोन तुकड्यांत येते, आणि बैठकीचा तुकडा रोज दबून दबून पाठीच्या तुकड्यापेक्षा पातळ होतो. दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही तुकडे आलटून पालटून ठेवायचे. पण ते एकाच मापाचे असतील तरच हे जमतं, म्हणून तेही मोजून घ्या.

तिसरा, आत लोखंडी घडी असलेला. बैठक उचलायची, दांडा ओढायचा, आतून तीन घड्यांचा पलंग उलगडतो. दिसायला जादू. पण घडी व्हायची म्हणून गादी ३-४ इंचांपेक्षा जाड ठेवता येत नाही आणि नेमकी कंबरेखाली आडवी दांडी येते. वजन इतकं की घर बदलताना हमाल जास्तीचे पैसे मागतात, आणि योग्यच मागतात. घेऊ नका.

चौथा, नुसत्या फोमच्या घडीचा. सांगाडा नाही, लाकूड नाही. स्वस्त, हलका, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला छान. बैठक मात्र जमिनीपासून जेमतेम आठ-दहा इंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून उठताच येणार नाही. पावसाळ्यात फरशीची ओल थेट फोममध्ये जाते. रोज सकाळी उभा करून वाऱ्याला ठेवला नाही तर खालून काळे ठिपके पडतात. आजी-आजोबांच्या घरी हा नको.

आता दिवाण, ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं. तयार मिळतो, पण सुताराकडून करून घेतलेला जास्त बरा, कारण यात अवघड असं काही नाही आणि प्रत्येक माप तुमच्या हातात राहतं.

उंचीपासून सुरुवात करू. पाय २ इंच, पेटीची बाजू पावणेबारा इंच, झाकण १८ मिमी म्हणजे पाऊण इंच, गादी ४ इंच. बेरीज साडेअठरा, माणूस बसला की गादी दबते आणि बैठक १८च्या आत येते. बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात आणि वयस्कर माणसाला गुडघ्यांवर फार भार न देता उठता येतं. सुतार सवयीने पेटीची बाजू १५ इंची करतात, सामान जास्त मावतं म्हणून. मग बैठक पावणेबावीस इंचांवर जाते आणि पाहुण्यांचे पाय लोंबकळतात. १५ची पेटी झोपण्यापुरत्या दिवाणाला चालेल, बैठकीच्या दिवाणाला नाही. हे माप सुताराला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

६ बाय ३ फुटांच्या दिवाणाला ८ बाय ४च्या १८ मिमी प्लायच्या दोन शीट आणि तळासाठी १२ मिमीची एक शीट लागते. पहिल्या शीटमधून झाकण. दुसरीच्या लांबीत पावणेबारा इंची चार पट्ट्या निघतात: दोघींतून ७२ इंची लांब बाजू, तिसरीतून साडेचौतीस इंचाच्या दोन आखूड बाजू, चौथीतून तेवढीच मधली फळी. पूर्ण १२ इंच मागितलेत तर करवतीच्या पात्याची जाडी चौथ्या पट्टीतून जाते, म्हणून पावणेबारा. घरात कोणी सहा फुटी असेल तर दिवाण साडेसहा बाय साडेतीन करा. शीट तेवढ्याच लागतात, फक्त तुकडे कमी उरतात. तेव्हा ‘मोठा केला तर प्लाय वाढेल’ असं कोणी सांगितलं तर हा हिशेब पुढे करा. उरलेल्या तुकड्यांत चपलांचा रॅक बसतो, तो आधीच ठरवा, नाही तर तुकडे सुताराच्या पुढच्या कामावर जातात.

प्लाय घेताना आयएसआयचा शिक्का बघा. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३, मरीन प्लायला आयएस ७१०. शिक्क्याजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते कळतं. कोरड्या हवेच्या गावात ३०३ पुरतो. किनारपट्टीवर, तळमजल्यावर किंवा जिथे फरशी रोज भरपूर पाण्याने पुसली जाते तिथे तळ आणि बाजू तरी ७१०च्या करा. पार्टिकल बोर्ड नको. त्याच्या खालच्या कडेला एकदा पाणी लागलं की तो बिस्किटासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

झाकण हा दिवाणाचा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ६ बाय ३चं १८ मिमी झाकण एकटंच २० किलोच्या आसपास भरतं. त्यावर गादी. रोज पांघरुणं काढायची असतील तर हे वजन घरातल्या कोणाच्या हातून उचललं जाणार आहे? म्हणून झाकण ३ बाय ३च्या दोन भागांत करा आणि मधल्या फळीवर टेकवा. गादी मात्र अखंडच ठेवा, अर्धी दुमडून एक बाजू उघडता येते. बिजागरी लावलीच पाहिजे असं नाही. दीड इंचाचं बोट घालायचं भोक पुरतं, आणि त्यातून हवाही खेळते.

दुसरी गोष्ट सनमायकाची. झाकणाला वर सनमायका आणि खाली काहीच नाही, असं केलं की एका बाजूने प्लाय ओल घेतो, दुसऱ्या बाजूने घेत नाही, आणि एका पावसाळ्यात झाकणाच्या कडा उचलल्या जातात. मग दिवाण बसता-उठताना खडखडतो आणि दोष प्लायवर जातो. वर १ मिमी लावला तर खाली पातळ लायनर, म्हणजे आतल्या बाजूला लावायचा पातळ सनमायका, लावाच. खर्च थोडा वाढतो, झाकण सरळ राहतं. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, खिळ्यांनी नाही.

हायड्रॉलिक पंप लावून देतो, असं सुतार म्हणेल. डबल बेडला त्याचा उपयोग आहे, दिवाणाला नाही. प्रत्येक पंपावर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. झाकणाच्या वजनाला तो जास्त झाला तर गादी काढल्यावर झाकण खाली बसत नाही, कमी झाला तर वर टिकत नाही. वर्षांनुवर्षांनी पंपातला वायू कमी होतो आणि झाकण हळूहळू, मग एक दिवस एकदम खाली येतं. लहान मुलं असलेल्या घरात हे लक्षात ठेवा. पंप असलाच तर आत काम करताना आधाराची काठी लावायची.

आत साधारण १६ घनफूट जागा मिळते. एका अर्ध्या भागात रोजची उशी, चादर, रग. दुसऱ्यात गणपतीचं मखर, स्वेटर, पाहुण्यांची पातळ गादी. रोजचं आणि वर्षाचं एकत्र भरलंत तर रोज सगळं उपसावं लागेल. मागच्या बाजूला एक इंची सहा-आठ भोकं पाडून घ्या आणि दिवाण भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा, विशेषतः भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चादर पेटीत गेली की आठ दिवसांत सगळ्या कपड्यांना तो ओळखीचा वास लागतो. डांबराच्या गोळ्या किड्यांना लांब ठेवतात, ओल शोषत नाहीत.

गादीबद्दल. कापसाची गादी थंड, पण जड आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. हल्ली पिंजारी मिळणं हीच अडचण. फोम घ्यायचा तर रोजच्या झोपण्यासाठी ४० डेन्सिटी, किंवा खाली ३ इंच रिबाँडेड (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) आणि वर १ इंच मऊ फोम. प्लायवर थेट ठेवायची असल्याने अगदी मऊ गादी कामाची नाही, कुशीवर झोपलं की खांदा फळीला लागतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यामुळे ती घरच्या काट्यावर तपासता येते. ६ बाय ३ फूट, ४ इंच जाडीचा साधा फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर सुमारे ५.४ किलो, ४० डेन्सिटीचा असेल तर ६.८ किलो भरला पाहिजे. तयार सोफ्याची २४ बाय २४, ४ इंची गादी खोळ काढून मोजली तर ३२ला १.२ किलो, ४०ला दीड किलो. पाऊण-एक किलोच भरली, तर सांगितलेला आकडा विसरा. काही मालात वजन वाढवायला भुकटी मिसळलेली असते. कडेचा कोपरा बोटांनी जोरात चोळा, पांढरी पूड निघाली की समजायचं.

कापड ५४ इंच पन्ह्याचं घेतलं तर गादीच्या खोळीला ४ मीटर पुरतं: वरचा आणि खालचा तुकडा ७४ बाय ३८ इंच, कडेच्या पट्ट्या उरलेल्या १६ इंचांतून. ३० इंची, ९ इंच जाडीच्या दोन लोडांना आणखी दीड मीटर. सुती कापड असेल तर आधी धुऊन मग शिवायला द्या, नाही तर पहिल्या धुण्यानंतर खोळ गादीवर चढत नाही. चेन लांब बाजूला लावायला सांगा. शिंपी सोयीसाठी आखूड बाजूला लावतात आणि मग खोळ काढायला दोन माणसं लागतात. रेक्झिन टाळा. आपल्या दमट हवेत कृत्रिम चामड्याचा वरचा थर काही वर्षांत सोलवटतो, आणि उन्हाळ्यात त्यावर उघड्या पायांनी बसवत नाही.

‘दिवाण जुनाट दिसतो’ ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा गडद तपकिरी चकचकीत सनमायका हे असतं. फिकट सागवानी किंवा राखाडी मॅट घ्या, लहान हॉलमध्ये पेटी कमी बोजड दिसते आणि बोटांचे ठसे उठत नाहीत. गादीची खोळ एकरंगी ठेवून हौस लोड-तक्क्यांवर भागवा: खणाचे तक्के सुंदर दिसतात, पण खणाचं कापड बैठकीला लावू नका, रोजच्या घासण्याने ते लवकर विरतं. साठ बाय नव्वद इंची सोलापुरी चादर ६ बाय ३च्या दिवाणावर दोन्ही बाजूंनी फूटभर खाली येते आणि पेटीची पुढची बाजू निम्म्याहून जास्त झाकते. ३६ इंच खोल बैठकीवर पाठीला आधार लागतो, तोही लोडांनीच मिळतो: ९ इंची लोड आणि पुढे एक तक्क्या ठेवला की बसायला २२ इंच उरतात, सोफ्याइतकेच. आधुनिक दिसण्यासाठी लोड काढून नुसत्या छोट्या उश्या ठेवणाऱ्यांच्या घरी पाहुणे काठावर अवघडून बसलेले असतात.

दिवाण कोणाला नको, तेही सांगायला हवं. दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलणाऱ्यांनी फेव्हिकॉलने चिकटवलेली पेटी करू नये. त्यांनी एक तर बाजू बोल्टने सुट्या होणारा दिवाण करून घ्यावा, नाही तर वरचा दुसरा प्रकार घ्यावा. खोक्यात सुटं येणारं पार्टिकल बोर्डाचं फर्निचर एकदा जोडायला उत्तम, पण दोन-तीनदा सोडवून जोडलं की स्क्रूंची भोकं सैल होतात.

तयार माल बघायचा तर मुंबईत ओशिवऱ्याचा रिलीफ रोड किंवा ठाणे जिल्ह्यात उल्हासनगरचा फर्निचर बाजार इथे एका फेरीत बरेच प्रकार उलटसुलट करून बघता येतात. सोफ्याचा पुढचा एक पाय हाताने सहा इंच उचला. तोवर दुसरा पुढचा पाय आपोआप उचलला गेला पाहिजे. तो जमिनीवरच राहिला तर सांगाडा पिळतोय. उघड-मीट पाच वेळा करा, त्यातली एक घरात रोज करणार असेल त्या माणसाकडून. मग खाचेवर आडवे व्हा आणि दुकानदार कितीही घाई करो, दहा मिनिटं उठू नका. बिलावर फोमची डेन्सिटी, लाकडाचं किंवा प्लायचं नाव आणि यंत्रणेची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. ‘एक वर्ष वॉरंटी’ एवढंच लिहिलं की फोम बसणं आणि कापड फाटणं त्यात धरलं जात नाही. घरी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा. अखंड तीन आसनी सोफा आडवा वळत नसेल तर उभा करून नेता येतो का, ते जिन्याच्या उंचीवर ठरतं, आणि नाहीच गेला तर पाय सुटे होतात की नाही हे दुकानातच विचारलेलं बरं.

सुताराचं काम गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर काढू नका, तेव्हा तो तीन घरी एकदम कामं घेऊन बसलेला असतो. मजुरी रोजावर ठरवण्यापेक्षा नगावर ठरवा आणि शेवटचा हप्ता झाकण दोन्ही बाजूंनी बघून, पेटीत हात घालून कडांना लाकडाचं कुसळ टोचत नाही ना हे तपासून मगच द्या.